हरणांसाठी पेरलेली मोहरी

यॉर्कशरमध्ये मोहरीच्या हिरव्या पानांचा वास गाडीच्या बंद काचेतून ओळखणारी बाई म्हणजे मी. बाकीच्यांना त्या रस्त्यावर शेणखताचा वास येतो, मेंढ्यांचा येतो, पाऊस पडून गेला असेल तर ओल्या दगडाचा येतो. मला मोहरीचा आला आणि मी ब्रेक दाबला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. इथला हॉर्न म्हणजे एखाद्यानं रुमाल तोंडावर धरून खाकरावं तसा असतो. मी हात हलवून त्याची माफी मागितली, गाडी कडेला लावली आणि लीड्सहून भरून आणलेलं वाणसामान तसंच डिकीत ठेवून चिखलातून चालत कुंपणापाशी गेले.

तोच शेताचा तुकडा. जंगलाच्या कडेचा, उताराचा, तीन बाजूंनी दगडी बांध आणि चौथ्या बाजूला अंधारी झाडं. पत्र्याची शेड गेली होती. तिच्या जागी नेटल्स माजले होते, खाजकुईचे ते इंग्रज भाऊबंद. पण तुकड्यात मोहरी होती. कुणी पेरली, कशासाठी पेरली, देव जाणे. मी बांधावरून वाकून एक पान तोडलं, बोटांत चुरडलं आणि खाल्लं. नाकात झणका गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि वीस वर्षं घडी घातलेल्या चादरीसारखी एकावर एक येऊन बसली.

आम्ही त्या तुकड्याजवळच्या गावात राहायला का गेलो त्याची एक लांबलचक कथा आहे. ती माझा नवरा समीर सांगतो आणि ती फार कंटाळवाणी आहे. आपण ती सोडून देऊ. गेलो, एवढं खरं. तो लीड्सच्या हॉस्पिटलात डॉक्टर, मी तिथल्याच लॅबमध्ये, आणि राहायला ही दगडी कॉटेज, जिच्या भिंती उन्हाळ्यातही आपल्याला सर्दी झाल्यासारख्या ओल्या असायच्या. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. भारतात फोन करायचा तर कार्डावरचा चंदेरी पट्टा नाण्यानं खरवडून भलामोठा नंबर दाबायचा, आणि शेवटचा आकडा चुकायचा. गाडीत सीटखाली नकाशांचं पुस्तक असायचं, त्याचं नेमकं आपल्याला हवं ते पान फाटलेलं असायचं. त्या घराचा वास अजून माझ्या एका लोकरीच्या शालीत आहे. कोळशाचा धूर, ओली लोकर, तिळाचं तेल. ती शाल मी धुवायला देत नाही, आणि समीर म्हणतो की ती शाल नसून गुन्ह्याचा पुरावा आहे.

त्यातल्याच एका वर्षी मे महिन्यात समीरच्या आई आल्या. आम्ही त्यांना माई म्हणतो. करमाळ्याकडच्या, उभा जन्म शेतात गेलेला. सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या, आणि आल्या दिवसापासून नऊवारी लुगड्याखाली समीरचे हिरवे वेलिंग्टन बूट घालून गावभर हिंडू लागल्या. हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. लुगड्याचा काष्टा, वर माझा रेनकोट, खाली गुडघ्यापर्यंत रबर, आणि चाल अशी की समोरून येणारे मेंढपाळ कुत्रे बाजूला होऊन वाट देत.

समोर आर्थर राहत. निवृत्त शेतकरी, विधुर, सत्तरीचे, चेहरा असा की कुणीतरी लाल वीट हातानं घडवून त्याला निळे डोळे बसवलेत. माईंनी त्यांना पहिल्याच आठवड्यात आर्थरराव केलं. आर्थरराव यॉर्कशरच्या जाड बोलीत बोलत, माई करमाळ्याच्या, आणि मधे उभी राहून दोन्हीकडचं सांगणारी मी पुष्कळदा अडचण व्हायचे. तास तास गप्पा चालत. मी नसले की जास्त.

आर्थररावांनी सगळी जमीन दुसऱ्यांना कसायला दिली होती, एक हा तुकडा सोडून. तो ते दर वर्षी हरणांसाठी पेरत. उन्हाळा सरता सरता सलगम, केल नावाची कोबीच्या जातीची पालेभाजी असलं काही पेरायचं, म्हणजे पुढं पानगळीत रानातला चारा संपत आला की हरणं जंगलातून तुकड्यात उतरतात, आणि शेडच्या खिडकीतून बघत बसता येतं. त्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आमच्या ओट्याशी उभं राहून, मी केलेल्या चहात स्वतःच दूध ओतत, ते म्हणाले, "यंदा वाकता येत नाही. तुमच्या आईला मातीतलं कळतं. पेराल का तुम्ही?"

मी माईंना सांगितलं. माईंच्या हातातली लाटी हातातच राहिली.

"हरणांसाठी? पेरायचं?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो माई."

"त्यास्नी परत इचार. तुझं इंग्रजी पुण्याचं हाय, हिकडं चालतंय का न्हाय कुणास ठाऊक."

मी परत विचारलं. आर्थरराव म्हणाले, "आय, लव्ह. फॉर द डियर." इथं 'हो'ला आय म्हणतात, आणि सगळ्या बायकांना लव्ह म्हणतात, भाजीवाल्यापासून बस ड्रायव्हरपर्यंत. माईंनी ते कधीच मनावर घेतलं नाही. त्या खुर्चीत बसल्या आणि पदरानं तोंड पुसत हसायला लागल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरी माळरानाला लागून शेत होतं. माळावर काळविटांचे कळप. ज्वारी हुरड्यात आली की कळप उतरायचे. सहा-सात वर्षांच्या असल्यापासून माई चार खांबांच्या माळ्यावर बसून राखण करत. हातात तेलाचा रिकामा डबा, एक काठी. कळप दिसला की डबा बडवायचा आणि कोकलायचं. लग्न झालं, सासर तसंच, माळ तसाच. तिथंही माळ्यावर. पोरं पाठीशी बांधून डबा बडवला म्हणाल्या.

"हरणं मी लई बगितल्यात. पर समद्यांच्या पाठीच. डबा वाजला की तोंड फिरवून पळत्यात ना ती. हरणाचं तोंड कसं असतंय मला ठाऊकच न्हाय गं."

"चित्रात तरी बघितलं असेल," समीर म्हणाला.

"चित्रातलं तुझ्या बापानं बी बगितलंय. मला खरं बगायचंय. समोर हुबं राहून, माझ्याकडं बगितलं पायजे त्यानं. एकदा. मग मी जाती बग विमानात गप बसून."

विमान होतं ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीला घरी पोचायचं म्हणून. आणि माईंच्या बोलण्यात मी आजवर ऐकलेली ती पहिली मागणी. साडी नको, बागा-राजवाडे बघायला नको, लंडन तर नकोच. हरणाचं तोंड. आर्थररावांना हे सांगितलं तर ते कप खाली ठेवून म्हणाले, "मग चांगलंच पेरायला हवं."

ऑगस्टातली ती पेरणी मला अजून अंगाला जाणवते. आर्थररावांनी कुणाला तरी सांगून तुकडा नांगरून ठेवला होता. तांबूस, जड, चिकट माती, बुटाला किलो किलोनं लागणारी. त्यांनी बियांचा पत्र्याचा डबा दिला. माईंनी तो उघडला, हुंगला, चिमूट तळहातावर घेतली आणि कपाळाला आठी घातली. "ह्ये नुसतंच? पाव्हणं यायचं म्हणतोय आपण." आणि घरी जाऊन माझ्या स्वयंपाकघरातून मोहरी आणली. मेथी आणली. फ्रिजवरच्या बरणीत मुळ्याचं बी होतं, जे त्यांनीच सोलापूरच्या बाजारातून माझ्यासाठी आणलं होतं आणि मी कुंडी नाही म्हणून पेरलं नव्हतं, तेही आणलं. वाटीत सगळं एक केलं, त्यात मूठभर कोरडी माती मिसळली, आणि ओटीत घेऊन चालायला लागल्या.

बी फेकताना हात खांद्यातून नाही, मनगटातून फिरवायचा असतो, हे मी त्या दिवशी शिकले. दाणे हातातून सुटतात तेव्हा एक बारीक सर्रर्र असा आवाज होतो, रेशमी साडी घडीतून उलगडावी तसा. वारा होता, ढग जमिनीला टेकलेले होते, कुठंतरी मेंढ्या एकमेकींना नावं ठेवत होत्या. समीर लांब ढांगा टाकत होता आणि माई ओरडत होत्या, "सम्या, पेरतुयास का पळतुयास?" शेवटी बांधाच्या दगडावर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती मातीत खोचली. आर्थररावांनी टोपी काढली होती. त्यांना खोबऱ्याचा तुकडा दिला. तो ते पाऊण तास चघळत होते, पण थुंकले नाहीत. इंग्रज माणसाचं धैर्य मी तेव्हा बघितलं.

आणि मग आम्ही बुजगावणं उभं केलं.

हो. मला माहीत आहे. तुम्ही भुवया उंचावल्यात. गप्प बसा आणि वाचा.

पेरणी झाली की बुजगावणं, हे माईंच्या हातात इतकं मुरलेलं होतं की तो वेगळा विचार नव्हताच. ताट वाढलं की पाणी ठेवावं तसं. त्यांनी दोन काठ्यांची फुली बांधली. समीरनं, ज्याच्या नावापुढं डिग्र्यांची आगगाडी आहे, आनंदानं आपला पहिल्या इंटरव्ह्यूचा निळा कोट आणून दिला. डोक्याला मडकं हवं, ते कुठून आणणार? पण इथल्या प्रत्येक देशी घरात असते तशी दह्याची पाच किलोची पांढरी बादली माझ्याकडे होती. ती पालथी घातली. मी, पुण्याच्या नामवंत कॉलेजातून शिकून आलेली मी, मार्करनं त्याला डोळे आणि भरघोस मिशा काढल्या. माईंनी दृष्ट लागू नये म्हणून कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा लावला. हातांना स्टीलची दोन जुनी झाकणं दोरीनं टांगली, वाऱ्यावर वाजायला. ती वाजली. सगळ्या खोऱ्यात वाजली. आम्ही टाळ्या वाजवल्या. समीरनं त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. आर्थरराव बांधापाशी उभे होते, टोपी अजून हातातच.

सप्टेंबरात तुकडा असा उगवला की जाणारे येणारे थांबून बघत. सकाळी धुकं उतारावरून सरकत खाली जाई आणि त्यातून आधी दह्याची बादली वर येई, मग कोट, मग हळूहळू हिरवा रंग. मेथीचा वास धुक्यात जास्त येतो. ओल्या हवेत तो जमिनीपासून हातभर उंचीवर नुसता थांबून राहतो, आणि त्यातून चालताना पोटऱ्यांना वास लागतो. मुळ्याची पानं खरखरीत, केलची निळसर, मोहरी सगळ्यांत उंच आणि उद्धट. माई रोज जाऊन बघत आणि शेतात बोलत बसत. काय बोलत ते मी ऐकलं नाही, ते माझ्यासाठी नव्हतंच.

गणपतीला लीड्सहून आमच्या ओळखीच्या बायका आल्या. आरती झाली, मोदक झाले, आणि कुणीतरी म्हणालं, माई, तुमचं शेत दाखवा. दाखवलं. पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण ते फार पटकन झालं. "अगं बाई, मेथी! ताजी!" एवढं ऐकू आलं आणि जरीच्या साड्या बांध ओलांडून आत होत्या. फ्रोजन मेथी खाऊन वर्षं काढलेल्या बायका त्या. त्यांना अडवणं कुणाला शक्य होतं?

"बायांनो, ती हरणांची हाय!" माई बांधावर उभ्या राहून ओरडल्या.

शुभाताई म्हणून एक होत्या, गठ्ठ्यानं मेथी खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माई, तुमची हरणं तर कुठं दिसत नाहीत?"

"यायच्यात अजून."

"मग येईपर्यंत आमची भाजी होऊन जाईल."

माईंनी त्यांना प्रत्येकी एक जुडी नेऊ दिली आणि पिशव्या उलट्या करून बाकीची मेथी मातीत ओतली. पण शुभाताईंचं वाक्य त्यांना लागलं, मला दिसलं. कारण ते खरं होतं. हरणं दिसत नव्हती.

येत होती, पण दिसत नव्हती. पहाटे फटफटायच्या सुमाराला मी, माई आणि आर्थरराव शेडमध्ये बसत असू. पत्र्याची शेड, आत जुन्या पोत्यांचा, डिझेलचा, सुकलेल्या सफरचंदांचा वास. थर्मासात आल्याचा चहा, ज्याला आर्थरराव आधी औषध म्हणाले आणि मग दुसरा कप मागू लागले. बोलायचं नाही, हलायचं नाही. बाहेर उजाडे. जंगलाच्या कडेला काहीतरी तपकिरी हले. माई माझा दंड पकडत, त्यांची बोटं रुतत. एक पाऊल, दोन पावलं. मग वारा सुटे, झाकणं वाजत, आणि झाडांच्या काळोखात पांढरे गोळे उड्या मारत नाहीसे होत. इथल्या त्या लहान हरणांना पाठीमागं पांढराशुभ्र ठिपका असतो, पळताना तो फुलतो.

"पाठी," माई म्हणत. "परत पाठीच."

मग ऑक्टोबर आला, आणि काय ऑक्टोबर होता तो! उतारावरचं ब्रॅकन, म्हणजे इथलं रानटी नेचं, गंजल्यासारखं लाल झालं. रस्त्यावर पडलेली सफरचंदं चाकांखाली फुटून सगळ्या गावाला गोड आंबूस वास यायचा. तिसऱ्या प्रहरी घरांच्या धुराड्यांतून कोळशाचा धूर निघायचा आणि तो वर न जाता गल्लीत रेंगाळायचा. मोहरीला पिवळी फुलं आली. पानाला कुणी तोंड लावलेलं नव्हतं. माईंची बॅग बैठकीत उघडी पडली, आणि तिच्यात माझ्यासाठी आणलेल्या डब्यांच्या जागी नातवंडांसाठी चॉकलेटं जमू लागली. माई हळूहळू कमी बोलू लागल्या. हे फार भयंकर होतं. घरात रेडिओ बंद पडल्यासारखं.

समीर एके दिवशी जेवताना म्हणाला, "आई, झूमध्ये जाऊ या रविवारी. हरणंच हरणं आहेत तिथं. तोंडं काय, हवं ते बघ."

"पिंजऱ्यातलं तोंड मला कशाला?" माई म्हणाल्या. "त्याला कुटं जायाचंच नसतंय. ते बगणारच की माझ्याकडं."

तो भात कालवत राहिला. मीही. वरण गार झालं.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी शेडमध्ये आर्थरराव फार चुळबुळत होते. टोपी काढत, घालत. शेवटी माझ्याकडे वळून, खाली मान घालून, कुणाच्या घरच्या लग्नात उणं काढावं तशा आवाजात म्हणाले, "हे बघ लव्ह, मी बोलू नये. तुमच्या धर्मातलं मला काही कळत नाही. पण तो तुमचा देव... थोडा बाजूला नेता येतो का? म्हणजे, चालत असेल तर. माझा असा समज झालाय की हरणं त्याला भितात."

मला कळेना कोणता देव. त्यांनी बोट दाखवलं.

धुक्यात निळ्या कोटातली आमची दह्याची बादली, मिशा, टिळा, दोन्ही हात पसरून उभी. पायाशी, आता नीट बघितल्यावर दिसलं, सफरचंदं ठेवलेली. ताजी, पुसलेली, ओळीनं.

"सफरचंदं कुणी ठेवली?" मी विचारलं.

"मी," आर्थरराव म्हणाले. "तुम्ही नारळ दिलात ना. मला वाटलं, जाता येता काहीतरी ठेवावं."

"आणि तुम्ही हे इतके दिवस बोलला नाहीत?"

"चर्चमधल्या पुतळ्यांनाही मी कधी सरका म्हणालो नाही," ते म्हणाले.

आता हे माईंना सांगायचं कोणी? मी सांगितलं. शब्दशः. देव, भीती, सफरचंदं. माईंनी बुजगावण्याकडे बघितलं. मग शेताकडे. मग आपल्या दोन्ही हातांकडे, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत. आणि कपाळावर असा फाडकन हात मारून घेतला की पत्रा वाजला.

"आगं आई आई आई! मीच राखण लावली की गं! पेरलं त्यांच्यासाठी, न् हाकलाय बी मीच हुबी केली!"

आणि त्या हसल्या. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग आला. पोत्यांवर बसल्या, मांडीवर थापा मारल्या, डोळ्यांतून पाणी. मला म्हणाल्या, "तू तरी बोलायचंस! एवढी शिकलेली तू!" मी म्हणाले, "माई, मिशा मी काढल्या!" मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होतो आणि आर्थरराव, देवाचा अपमान तर झाला नाही ना या काळजीत, दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते आधी विटेपेक्षा लाल झाले, आणि मग इतक्या मोठ्यानं हसले की जंगलातून कबुतरं उडाली. इतके दिवस ते एका दह्याच्या बादलीला टोपी काढत होते!

बुजगावणं आम्ही तिथल्या तिथं उतरवलं. माईंनी कोटाची बटणं एकेक काढली, बाही झटकली. "चल बाबा," त्याला म्हणाल्या, "तू तुजं काम चोख केलंस. आमचंच चुकलं." झाकणं सोडताना ती एकदा शेवटची वाजली आणि त्यानंतर खोऱ्यात जी शांतता पसरली, ती मी पुन्हा कधी ऐकली नाही. तेव्हा कळलं, आम्ही सगळा पानगळीचा ऋतू त्या खणखणाटात काढला होता.

पण हरणं काही तार करून बोलावली म्हणून येत नाहीत. दुसऱ्या दिवशी दाट धुकं, बांधही दिसेना. त्याच्या पुढच्या दिवशी आडवा पाऊस, पत्र्यावर असा की एकमेकांचं ऐकू येईना. माई बसून राहिल्या. संध्याकाळी घरी येऊन बॅगेची चेन लावली. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं, मँचेस्टरहून. समीरनं बजावलं, "आठला निघायचं म्हणजे आठला. मोटरवेला काम चालू आहे." माई म्हणाल्या, "निगू की." आणि माझ्याकडे बघितलं. मी थर्मास धुवायला घेतला.

त्या सकाळी आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं होतं. पावसानं मोहरीची फुलं गळून जमीन पिवळी झाली होती, आणि पानापानावर थेंब. आर्थरराव आधीच येऊन बसले होते, केस ओले करून विंचरलेले. माईंनी प्रवासाची जरीकाठी साडी नेसली होती, वर रेनकोट, पायात बूट.  आल्याचा वास, आमच्या श्वासाची वाफ, लांब कुठंतरी कोंबडा.

मग ती आली. जंगलातून बाहेर पडली असं नाही, तर आधी नव्हती आणि मग होती. एक मादी, आणि तिच्या मागं त्याच वर्षीची दोन पिल्लं, तिच्या खांद्याला येतील एवढी. ती मोहरीत शिरली. पिल्लं मुळ्याकडे वळली. कुरकुर, कुरकुर असा आवाज आम्हाला शेडपर्यंत ऐकू आला. माझ्या आयुष्यात मी त्याच्या तोडीचं संगीत ऐकलेलं नाही, आणि मी मैफिलींना पहिल्या रांगेत बसणारी बाई आहे.

माई उठल्या. मी त्यांचा हात धरला, त्यांनी सोडवला. शेडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, उघड्यावर. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि मी पाहिलं की ती पाठ ताठ होतेय. छाती भरतेय. साठ वर्षांची आरोळी होती ती, पोटातून निघून गळ्यापर्यंत आली होती. माईंनी दोन्ही हातांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.  आर्थररावांनी डोळे मिटून घेतले.

आरोळी परत खाली गेली.

हरणीनं मान वर केली.

काळंभोर ओलं नाक. त्याखाली हनुवटीवर पांढरा ठिपका, जणू दूध पिऊन तोंड पुसायचं राहिलंय. मोठे कान, आतून केसाळ, दोन्ही आमच्या दिशेला वळलेले. आणि डोळे, ज्यांच्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण ते माईंकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मोहरीचं एक पान तिच्या ओठांतून बाहेर लोंबत होतं. चावणं थांबलं होतं. पिल्लंही थांबली.

माईंनी पदर तोंडातून काढला. अगदी हलक्या आवाजात, जसं पाहुण्याला आग्रह करतात तसं, म्हणाल्या, "खा की. का थांबलीस? तुज्यासाठीच पेरलंय."

ते पान हळूहळू आत गेलं. तिचा जबडा पुन्हा फिरू लागला, डावीकडून उजवीकडे, सावकाश, माईंवरची नजर न काढता.

माईंनी मागं न वळता हात माझ्याकडे केला. मी त्यात चहाचा कप ठेवला. त्या दारातच उभ्या राहून, फुंकर घालत, चहा पिऊ लागल्या. ती खात होती, या पीत होत्या, आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्या खिशात फोन थरथरायला लागला, घरून समीर करत होता. आठ वाजून गेले होते. मी तो बंद केला.